वसईत पोर्तुगीज दोनशे वर्षं होते, मग तिचा गोवा का झाला नाही?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वसई, साष्टी, चौल या पट्ट्यावर पोर्तुगिजांनी दोनशे वर्षं राज्य केलं. तरी गोव्यात पोर्तुगीज भाषा, घरं, संगीत, एकूण राहणी जशी जाणवते तशी इथे का जाणवत नाही? आणि इथला ख्रिस्ती समाज जबरदस्तीतून झाला असं मानायचं की दोन संस्कृतींच्या मिसळणीतून?

उत्तर कोकणातले पोर्तुगीजकालीन कागद आणि शिलालेख वाचणं हेच माझं काम. किल्ल्यात आलेले विद्यार्थी हा प्रश्न विचारतात, आणि वसईचे लोकसुद्धा. साधारण मिळणारं उत्तर "चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये त्यांना हाकललं म्हणून" इथे थांबतं. ते खरं आहे, पण त्याने कोडं सुटत नाही. 1739 मध्ये सत्ता गेली, पण धर्म राहिला. गावोगावची चर्चं राहिली, डिसोझा-परेरा-रॉड्रिग्ज ही आडनावं राहिली. भाषा आणि तिच्याभोवतीचा थाट मात्र एक-दोन पिढ्यांत विरून गेला. असं का झालं, हे कळायला मी तटबंदीपेक्षा जमिनीच्या कागदांकडे बघायला सांगतो. गाव कोणाच्या नावावर होतं, यावर सगळं फिरतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतजवळ उतरला, आफोन्सो द आल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतलं, हे शाळेत झालेलं असतं. आपल्या किनाऱ्याशी त्यांची पहिली मोठी गाठ चौलला पडली. तिथे 1508 मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने त्यांचा पराभव केला. व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो द आल्मेदा त्यात मारला गेला. पुढे 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्यांनी तिथेच, आजच्या रेवदंड्याला, कोट बांधायला घेतला. वसई मिळाली ती मात्र लढाईपेक्षा अडचणीतल्या सुलतानाकडून. हुमायूनच्या भीतीने गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर 1534 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याशी तह केला आणि वसई तिच्या बेटांसह देऊन टाकली. साष्टी आणि मुंबई त्यातच आल्या. (ही ठाण्याची साष्टी. गोव्यातली सासष्टी वेगळी. जुन्या पोर्तुगीज कागदांत दोन्हींचं नाव एकच लिहिलेलं असतं आणि त्यामुळे नवख्यांचे फार घोटाळे होतात.) 1559 मध्ये दमण आलं. दमणपासून चौलपर्यंतचा हा पट्टा म्हणजे त्यांचा उत्तर प्रांत, आणि वसई त्याची राजधानी.

पोर्तुगीज म्हणजे जहाजं, मिरी आणि परवाने असं आपल्या डोक्यात बसलंय. समुद्रावर फिरायचं तर त्यांचा परवाना घ्या, नाहीतर जहाज जप्त, हा त्यांचा खाक्या होताच. वसईला मात्र हे समुद्रावरचे लोक जमीनदार झाले. तांदूळ, नारळ, मीठ, जहाजाला लागणारं सागवान आणि बांधकामाचा दगड हे सगळं इथे मुबलक होतं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भागात जो काळा दगड दिसतो, तो वसईकडून समुद्रमार्गे नेलेला आहे.

ही जमीन त्यांनी वाटली कशी, ते नीट बघू. अख्खं गाव, कधी दोन-चार गावं, एखाद्या फिदाल्गोला म्हणजे खानदानी पोर्तुगिजाला ठरलेल्या सालाच्या खंडावर द्यायची. बहुतेक वेळा ही मुदत तीन हयातींची असे. बदल्यात त्याने घोडा बाळगायचा, बंदूकवाले ठेवायचे आणि बोलावणं आलं की हजर व्हायचं. खंड हलका होता आणि खाली कुळांकडून वसूल करायची रक्कम बरीच जास्त, त्यामुळे मधला नफा या मालकाचा. सैनिकांच्या विधवांना आणि अनाथ मुलींना हुंडा म्हणूनही गावं दिली जात, म्हणजे जो तिच्याशी लग्न करील त्याची सोय झाली. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन या संघांकडेही गावं आणि वाड्या जमत गेल्या. सिमांव बोतेल्यो या अधिकाऱ्याने 1554 मध्ये केलेली महसुलाची नोंद वाचली की ही सगळी मांडणी किती लवकर पक्की झाली ते दिसतं. मुंबई बेटसुद्धा असंच एका वैद्याकडे खंडाने होतं. तो गार्सिया द ओर्ता, भारतीय औषधी वनस्पतींवर 1563 मध्ये गोव्यात ग्रंथ छापणारा. मूळचं घराणं ज्यू असल्याने तो मेल्यावर धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशनने) त्याची हाडं उकरून जाळली.

इंग्रजांनी मुंबईचा ताबा घेतला तो कागद उपलब्ध आहे, आणि मला तो फार बोलका वाटतो. तारीख 18 फेब्रुवारी 1665. पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रागांझा हिच्या इंग्लंडच्या राजाशी झालेल्या लग्नाच्या तहात बेट देऊन चार वर्षं होत आली होती; इथले पोर्तुगीज ते सोडायला तयार नव्हते. शेवटी हंफ्री कुक याने ताबा घेतला. कुठे, तर दोना इनेस द मिरांदा या विधवेच्या मोठ्या घरात, कारण बेटाची खंडकरी मालकीण तीच होती. कुकने हातात माती आणि दगड घेतले, बेटावर फिरला, आणि ताबा झाल्याचं लिहून दिलं. दोन राजांमधला व्यवहार एका बाईच्या घरच्या दिवाणखान्यात पुरा झाला, कारण कागदावर ते बेट तिचं होतं.

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या इमारतीत जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत. पाय जपून टाका आणि अक्षरं वाचा. वर घराण्याचं चिन्ह, खाली नाव, हुद्दा, साल. आणि त्या काळच्या थडग्यांवर पुन्हापुन्हा येणारा मजकूर असतो: हे थडगं अमक्याचं आणि त्याच्या वारसांचं. नुसतं स्वतःचं नाही, वारसांचंही. ही माणसं चार वर्षं चाकरी करून लिस्बनला परतायचं म्हणून आलेली नव्हती. त्यांना वाटत होतं, गाव पोरांकडे जाईल, नातवंडांकडे जाईल, आणि सगळे इथेच, या फरशीखाली येतील.

आता गोव्याकडे या. तिथे गावांची गावकारी आधीपासून होती. मूळ घराण्यांनी मिळून जमीन सांभाळायची, सामाईक खर्च करायचा आणि सरकारला एकत्र सारा भरायचा, अशी ती व्यवस्था. पोर्तुगिजांनी ती मोडली नाही. 1526 मध्ये आफोन्सो मेशिया याने गावांचे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले आणि सारा पूर्वीसारखाच गावाकडून घ्यायला सुरुवात केली. पुढे धर्मांतराचा दाब वाढला तेव्हा तिसवाडी, बार्देस, सासष्टीतल्या गावकार घराण्यांपुढे दोन वाटा होत्या. देव घेऊन नदीपलीकडे जायचं, किंवा ख्रिस्ती होऊन जमीन आणि गावातली जागा राखायची. जे राहिले त्यांची जमीन राहिली. ज्याच्याकडे जमीन आहे तो मुलाला शिकवतो. मुलगा पाद्री होतो, वकील होतो, डॉक्टर होतो, आणि हे सगळं पोर्तुगीज भाषेतून. गोव्यात जी पोर्तुगीज वळणाची राहणी दिसते ती मुख्यतः या देशी, जमीन राखून असलेल्या वर्गाने आपलीशी केली. शिवाय सत्ता 1961 पर्यंत टिकली, म्हणजे त्या वर्गाला साडेचारशे वर्षं मिळाली.

वसईकडे असा वर्ग उभाच राहिला नाही. जमीन वरच्यांकडे, म्हणजे पोर्तुगीज, मिश्र घराणी आणि चर्चचे संघ यांच्याकडे. ख्रिस्ती झालेले कुणबी, कोळी, भंडारी, वाडवळ, सामवेदी हे कसणारे, मासे मारणारे, माडी काढणारे, बागायत करणारेच राहिले. त्यांना प्रार्थना लॅटिनमध्ये ऐकू येत होती, मालकाची भाषा पोर्तुगीज होती, पण घरात, शेतात, होडीवर ते मराठीच्या आपापल्या बोलीच बोलत होते. पोर्तुगीज शिकून त्यांचं काही पुढे जाणार नव्हतं.

म्हणून 1739 मध्ये काय झालं ते बघा. चिमाजी अप्पांची मोहीम 1737 मध्ये ठाण्यापासून सुरू झाली आणि मे 1739 मध्ये वसईने शरणागती पत्करली. तहात पोर्तुगीज फौजेला मानाने बाहेर पडू दिलं, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या धर्मपालनाची तरतूदही केली. फिदाल्गो घराणी गोव्याला गेली, काही इंग्रजांच्या मुंबईत गेली. युरोपी पाद्री गेले. त्यांच्याबरोबर भाषा गेली, कारण ती बोलणारेच निघून गेले. कुळं कुठे जाणार? ती जमिनीवर राहिली आणि धर्मही त्यांच्याबरोबर राहिला, कारण तो तोपर्यंत चार-पाच पिढ्या त्यांच्याच घरात होता. युरोपी पाद्र्यांच्या जागी गोव्याचे आणि स्थानिक पाद्री चर्च चालवू लागले. विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा देशावर गेल्या. भीमाशंकर, पालीचा बल्लाळेश्वर, नाशिकचं नारोशंकर मंदिर, वाईजवळचं मेणवली इथे त्या आजही आहेत.

आता जबरदस्तीचा प्रश्न. यावर मी स्पष्ट बोलतो, कारण दोन्ही बाजूंनी बरंच सोयीचं बोललं जातं.

जबरदस्ती झाली, आणि ती एखाद्या माथेफिरू अधिकाऱ्याची हौस नव्हती, ते राज्याचं धोरण होतं. 1540 पासून गोव्याच्या बेटांवर देवळं पाडली गेली आणि पुढे तेच इतरत्र झालं. हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर बंदी आली. बाप मेलेल्या हिंदू मुलांना नातेवाइकांकडून काढून पाद्र्यांच्या ताब्यात देण्याचा हुकूम 1559 मध्ये निघाला. पोरं लपवून रातोरात गाव सोडण्याची वेळ लोकांवर यायची ती या हुकुमाने. 1560 पासून 1812 पर्यंत, मधली चार वर्षं सोडून, गोव्यात धर्मन्यायालय होतं आणि त्याचा हात उत्तर प्रांतापर्यंत पोचत होता. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात जाऊन बघा. सहाव्या शतकाच्या सुमाराचं शैव लेणं. आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्र्याने त्याचं चर्च केलं आणि वरच्या टेकाडावर मठ व शाळा बांधली. आत एका बाजूला शिल्प तासून केलेला मोठा क्रूस आहे. घारापुरीच्या मूर्तींची मोडतोडही त्या काळाच्या खात्यावर जाते. बेटाला ज्या हत्तीवरून त्यांनी नाव दिलं तो दगडी हत्ती आता भायखळ्याला, राणीच्या बागेच्या आवारात आहे. अंजूरचे गंगाजी नाईक पुण्याला खेटे घालून पेशव्यांकडे मदत मागत होते, ते उगाच नाही. त्यांच्या गाऱ्हाण्यात वतन होतं, पैसा होता, पण धर्माचा जाचही होता, आणि तो खरा होता.

पण एवढ्यावर थांबलं की त्या काळातली साधी माणसं दिसत नाहीत. काही जण बंदुकीच्या धाकाने ख्रिस्ती झाले. काही जण आपली जात-जमात मिळून, म्हाताऱ्यांनी ठरवलं म्हणून झाले. काहींना दुष्काळात चर्चने धान्य दिलं. काहींना मालकाच्या आणि सरकारच्या जाचातून पाद्री सोडवील असं वाटलं, आणि तसं कधीकधी झालंही. एकाच गावात दोन पाड्यांची कारणं वेगळी असू शकतात. आणि ख्रिस्ती झाल्यावरही जात गेली नाही. सामवेदी सामवेद्यांतच लग्न करत राहिले, वाडवळ वाडवळांत, कोळी कोळ्यांत. ईस्ट इंडियन म्हणजे इथल्या मूळ ख्रिस्ती समाजाच्या लग्नात उंबराचं पाणी आणण्याचा विधी अजून होतो. वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी भरून आणायचं. चर्चने अनेकदा असल्या गोष्टींना विरोध केला, आणि बायकांनी त्या सोडल्या नाहीत.

शिवाय हा किनारा पोर्तुगीज येण्याआधी रिकामा नव्हता. नालासोपाऱ्याला अशोकाचे लेख सापडलेत. ठाण्यात 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन पाद्री मारले गेल्याची नोंद आहे, म्हणजे पोर्तुगिजांच्या दोनशे वर्षं आधी. म्हणून उत्तर कोकणात दिसणारी प्रत्येक परदेशी वळणाची गोष्ट पोर्तुगिजांच्या नावावर टाकू नका.

या काळातला एक वसईकर मला नेहमी विचारात पाडतो: गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, 1556 च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज, आई इथली. लहानपणी जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे मकावकडे व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन झाला आणि दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला गेला. 5 फेब्रुवारी 1597 ला जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमाने नागासाकीला त्याला इतरांबरोबर क्रूसावर चढवलं. 1862 मध्ये तो संत जाहीर झाला, भारतात जन्मलेला पहिला. जेझुइटांनी त्याला आपल्या संघात घेतलं नाही, आणि त्यामागे त्याची मिश्र जात होती असं अनेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीज साम्राज्यात इथल्या माणसाला मोकळीक किती होती आणि कुठे भिंत होती, हे त्याच्या एका आयुष्यात दिसतं. ती भिंत आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांसाठी तर केवढी असेल. वसई, चौलच्या मोठ्या घरांमध्ये असे गुलाम होते, त्यांच्या नावांच्या शिळा मात्र कुठे नाहीत.

धर्म पोर्तुगीज आणि भाषा मराठी, ही जोडी पुढे कशी वाढली तेही पाहायला हवं. इंग्रजांच्या काळात मुंबईत गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती नोकऱ्यांसाठी आले, तेव्हा इथल्यांनी आपण वेगळे, इथलेच, हे सांगण्यासाठी 1887 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीशी नातं सांगणारं हे नाव. म्हणजे पोर्तुगीज आडनाव लावणाऱ्या समाजाने आपली ओळख सांगायला पोर्तुगीज शब्द घेतला नाही. वसईत तर मराठी हीच प्रार्थनेची, शाळेची, लेखनाची भाषा झाली. वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या वेळी काहींनी विरोध केला. ख्रिस्ती धर्मगुरू मराठीच्या व्यासपीठावर कसा, असा त्यांचा सूर होता. मला त्याचं वाईट वाटलं. ज्यांच्या घरात राज्यकर्त्यांची भाषा कधी शिरलीच नाही आणि ज्यांनी दोनशे वर्षांच्या त्या राज्यातही मराठी सोडली नाही, त्यांना मराठीपण सिद्ध करायला सांगणं हा अन्याय आहे.

या सगळ्याला एक अपवाद आहे, आणि तो नीट पाहिला की वरचं म्हणणं पक्कं होतं. तो म्हणजे कोर्लई. अलिबागहून मुरूडकडे जाताना रेवदंड्याची खाडी ओलांडली की लगेच किल्ल्याचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. निजामशहाकडून 1594 मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला. डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिथली माणसं आपापसात एक भाषा बोलतात. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, आपली भाषा. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्यात क्रियापद शेवटी, मराठीसारखं. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. चौल आणि कोर्लई 1740 मध्ये मराठ्यांकडे आले, म्हणजे भाषा आणणाऱ्यांचं राज्य जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली आणि भाषा अजून आहे.

वसईत गेली ती इथे का राहिली? कारण कोर्लईत ती मालकांची भाषा नव्हती. ती शिबंदीतल्या सैनिकांची, त्यांच्या इथल्या बायकांची, चाकरांची, पोरांची घरातली भाषा होती. मोठी घराणी निघून गेली तेव्हा हे लोक गेले नाहीत. त्यांना जायला गोव्यात वाडा नव्हता. आजूबाजूला हिंदू आणि मुसलमान वस्ती, लग्नं वस्तीतल्या वस्तीतच, आणि 1960 च्या दशकापर्यंत चर्चमध्ये येणारे पाद्री पोर्तुगीज जाणणारे. इतक्यावर ती तगली. दमण आणि दीवला अशा बोली आहेत, पण तिथे पोर्तुगीज राज्य 1961 पर्यंत होतं. कोर्लईला तो आधार नव्हता.

तिथे जाणार असाल तर एक विनंती. लोकांना "पोर्तुगीज बोलून दाखवा" म्हणून गराडा घालू नका, हल्ली तसे व्हिडिओ करणारे बरेच जातात. ते पोर्तुगीज बोलत नाहीत, स्वतःची भाषा बोलतात. बाहेरच्यांशी ते चोख मराठी बोलतात. मुलं मराठी आणि आता इंग्रजी शाळेत जातात, नोकरीला मुंबईला जातात. वस्तीबाहेर लग्न झालं की घरात मराठी येते. भाषा आकसते आहे, ती या रोजच्या कारणांनी.

जिनसांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मिरची, बटाटा, काजू, अननस, पपई, पेरू, तंबाखू हे अमेरिकेतून या खलाशांच्या हातून आपल्याकडे आलं. मिरची आली नसती तर कोल्हापूरचं जेवण कसं असतं याची कल्पनाही करवत नाही. पण या गोष्टी पसरल्या त्या इथल्या शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी पसरवल्या. पोर्तुगीज सत्ता जिथे कधी पोचलीच नाही तिथेही त्या गेल्या. 1604 च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून आग्र्याला तंबाखू घेऊन गेला, ही तिथल्या दरबाराला नवलाई होती. उलट दिशेनेही बरंच गेलं. आंबा आणि फणस त्यांच्याच जहाजांतून ब्राझीलला पोचले. हापूस आंब्याला आल्बुकर्कचं नाव मिळालं, पण कलम करण्याचं कसब वाढवलं ते गोव्या-कोकणातल्या बागायतदारांनी. मराठीतल्या पोर्तुगीज शब्दांची यादी मी इथे देत नाही, ती सगळीकडे मिळते.

जहाजबांधणीचं मात्र सांगायला हवं. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे आरमार बांधायला घेतलं तेव्हा रुय लेतांव व्हियेगस आणि त्याच्या हाताखालचे पोर्तुगीज-मिश्र कारागीर कामाला होते. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाला हे कळलं, हे कसब शेजाऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून त्याने निरोप पाठवले, आणि कारागीर काम टाकून गुपचूप मुंबईकडे निघून गेले. महाराजांचं आरमार तरीही झालं. तोपर्यंत इथल्या सुतारांनी बरंच उचललं असणार, असं मला वाटतं.

ज्यांना खोलात जायचंय त्यांनी एका गावापासून सुरुवात करावी. संपूर्ण ‘पोर्तुगीज प्रभाव’ एकदम समजून घ्यायला गेलात तर हाती फक्त मतं लागतात. आगाशी घ्या, पापडी घ्या, उत्तन घ्या, तुमचं आजोळ असेल ते घ्या. त्या गावाचा खंडकरी कोण होता हे पोर्तुगीज नोंदीत सापडतं. त्यासाठी पणजीचं पुराभिलेख खातं आणि लिस्बनची दफ्तरं आहेत. 1739 नंतरची स्थिती पुण्याच्या पेशवे दफ्तरात, मोडीत आहे. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या असतात, आणि धर्मगुरूंना नीट विचारलं तर बहुतेक ठिकाणी दाखवतात. पांडुरंग पिसुर्लेंकरांनी गोव्याच्या दफ्तरखान्यात बसून मराठे आणि पोर्तुगीज या दोन्ही बाजूंचे कागद जोडून वाचण्याची वाट घालून दिली, तीच अजून सगळ्यात भरवशाची आहे. पोर्तुगीज येत नसेल तर शिका. मोडी तर शिकाच. नुसते पोर्तुगीज कागद वाचणाऱ्याला गाव म्हणजे उत्पन्न दिसतं, नुसती बखर वाचणाऱ्याला ते रणांगण दिसतं. 1738 मध्ये ज्याच्या शेतातून फौज गेली आणि 1740 मध्ये ज्याने त्याच शेताचा सारा नव्या सरकारला भरला, तो शेतकरी सापडायला तिन्ही दफ्तरं एकत्र उघडावी लागतात.